साखर वजा, रम कायम

पदार्थातून एक घटक काढून टाकावा, बाकीचे सारे जागच्या जागी राहू द्यावे, आणि काढलेल्या घटकाच्या नावाने उरलेल्या पदार्थास निर्दोषत्वाचा दाखला द्यावा, ही रीत अलीकडे फार बोकाळली आहे. बिस्किटांच्या पुड्यावर ‘मैदा नाही’ हे शब्द ठसठशीत अक्षरांत असतात, आणि आत साखर व तूप किती हे मात्र भिंगातून वाचावे लागते. या रीतीचा कळस ज्यास पाहावयाचा असेल त्याने तो ‘लो-कार्ब पिन्या कोलादा’ नावाच्या पेयात पाहावा.

पिन्या कोलादा म्हणजे अननसाचा रस, नारळाचे गोड क्रीम आणि पांढरी रम ही तिन्ही बर्फाबरोबर घुसळून केलेले दाट, गारठलेले पेय. आपल्या किनाऱ्यावरील खाद्यगृहांच्या पाट्यांवर ते ‘पिना कोलाडा’ म्हणून झळकते. त्यातील साखर काढून तेथे दुसरे काही गोड घालावे, अननस कमी करावा, आणि कर्बोदके उणावली म्हणून मधुमेही व स्थूल माणसांना ‘तुम्ही निर्धास्त घ्या’ असे सांगावे, हा या ‘लो-कार्ब’ अवताराचा मतलब. आमचे म्हणणे एवढेच आहे की साखर काढण्याचा उद्योग ज्याला करावयाचा त्याने खुशाल करावा. तो करण्याजोगा आहे आणि त्यातील खाचाखोचाही आम्ही पुढे सांगणार आहोत. परंतु त्या पेल्याला जे विशेषण डकवले जाते ते दिशाभूल करणारे आहे, आणि मधुमेह्याच्या बाबतीत तर प्रसंगी जिवावर बेतणारे आहे.

ज्या अंकात देवस्थानांच्या उत्सवांविषयी वाचावयाचे त्यात रमच्या पेल्याची चिकित्सा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. मद्य घ्यावे की घेऊ नये, या वादात आम्ही येथे शिरत नाही. ज्यांच्या घरी ते वर्ज्य आहे त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही. पण लग्नाच्या स्वागतसमारंभात, बोटीवरून रजेवर आलेल्या मुलाच्या मेजवानीत, वाढदिवसाच्या मंडपात हे पेय आता येऊ लागले आहे, आणि ‘काका, यात साखर नाही हो, तुम्हाला चालेल’ असे म्हणून ते ज्यांच्या हाती दिले जाते ते काका बहुधा गोळ्या घेणारे असतात. विषय आमच्या दारी आलेला आहे. आम्ही त्याला शोधावयास गेलेलो नाही.

प्रथम या पेयाचे कुलशील पाहू. त्याच्या पितृत्वाचा दावा पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआन येथे, आजवर निकालात निघालेला नाही. कारीबे हिल्टन हॉटेल सांगते की आपल्या पदरी असलेल्या रामोन ‘मोन्चितो’ मारेरो यांनी १९५४ साली ते सिद्ध केले. त्याच शहरातील बाराचिना या उपाहारगृहाच्या भिंतीवर संगमरवरी फलक आहे, आणि तो हा मान १९६३ सालच्या रामोन पोर्तास मिंगोत यांस देतो. दोन्ही साक्षीदार आपापल्या गल्ल्याशी हितसंबंध असलेले. तेव्हा त्यांची साक्ष जपूनच घ्यावी लागते. त्यातून १९२२ सालच्या एका अमेरिकी मासिकात क्यूबातील ‘पिन्या कोलादा’चा उल्लेख सापडतो. त्यात अननसाचा रस, रम, लिंबू आणि गोडी आहे. नारळाचा पत्ता नाही. शब्दाचा अर्थही ‘गाळलेला अननस’ एवढाच. नारळ मागाहून आला, आणि तो आला यंत्राच्या कृपेने. गेल्या शतकाच्या मध्यास पोर्तो रिको विद्यापीठातील रामोन लोपेस इरिसारी यांनी नारळाचे क्रीम काढून त्यात साखर घालून ते डब्यात भरण्याची युक्ती साधली, आणि ‘कोको लोपेस’ या नावाने ते बाजारात आले. आदोळीवर नारळ खोवून, वाटून, पिळून रस काढण्याचे श्रम काय असतात हे आमच्या घरांतील बायकांस सांगावयास नको. तो डबा पेयगृहात का लोकप्रिय झाला हे त्या तत्काळ ओळखतील. १९७८ साली पोर्तो रिकोने पिन्या कोलादास आपले अधिकृत पेय म्हणून घोषित केले.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. या पेल्यातील नारळ कॅरिबियनचा मूळ रहिवासी नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांनी तो हिंदी महासागराच्या बाजूने आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्देला नेला आणि तेथून तो अमेरिकेच्या बेटांवर पोचला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानेही अटलांटिक किनाऱ्यावरील माडांचे नाते हिंदी महासागराच्या माडांशी जोडून दिले. उलट अननस तिकडचा. १४९३ साली कोलंबसाला तो ग्वादेलूप बेटावर भेटला, आणि पोर्तुगीजांनी तो आपले तिकडील नाव सोबत घेऊनच आमच्या किनाऱ्यावर आणला. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात नारळ व अननस यांची गाठ सान हुआनच्या त्या हॉटेलावर अवलंबून राहिली नाही. अननसाच्या सासवात ती मोहरीच्या साक्षीने पडलेली आहे. ऊसही कोलंबसाच्याच दुसऱ्या सफरीत, १४९३ साली, त्या बेटांवर गेला. ‘शर्करा’ हा आमचा शब्द जगभर फिरला तो ज्या साखरेबरोबर, तिच्या मळ्यांत पुढे गुलामांचे रक्त आटले. पोर्तो रिकोत गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८७३ साली. साखरेची जी मळी उरे, तिच्यापासून रम. म्हणजे साखर आणि रम या एकाच उसाच्या दोन लेकी. त्यांतील थोरलीला घराबाहेर काढून धाकटीला सोज्वळ म्हणून मिरवायचे, असा हा ‘लो-कार्ब’चा न्याय आहे!

आता कृतीकडे वळू. साखर म्हणजे केवळ गोडी, असा जो समज आहे तो या पेयाच्या बाबतीत पहिल्याच प्रयत्नात फसतो. थंडीत जिभेची गोडीची जाण मंदावते. वितळलेले आइस्क्रीम अतिगोड लागते आणि तेच गोठलेले असता बेताचे लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. म्हणून बर्फाच्या पेयात साखर मुळातच अधिक घातलेली असते. दुसरे असे की पाण्यात विरघळलेली साखर पाण्याला सहजासहजी गोठू देत नाही. तिच्यामुळेच बर्फाचा चुरा आणि रस एकजीव राहतात आणि घोट मऊ लागतो. ती काढली की खाली पाणी आणि वर बर्फाचा भुगा असे दुभंगलेले मिश्रण पेल्यात उरते.

तिची जागा घेण्यास अनेक उमेदवार पुढे येतात. स्टीव्हिया किंवा सुक्रलोज इतके तीव्र गोड असतात की चिमूट पुरते. पण चिमटीला वजन नसते, त्यामुळे साखर आपल्या भाराने जे काम करीत होती ते ती करू शकत नाही. स्टीव्हियाची कडवट शेपटी जिभेवर रेंगाळते ती निराळीच. एरिथ्रिटॉल साखरेसारखे दिसते, गोडीने तिच्या दोनतृतीयांशाच्या आसपास भरते, आणि रक्तातील साखर जवळजवळ वाढवीत नाही. परंतु साध्या तापमानास शंभर ग्रॅम पाण्यात साखर दोनशे ग्रॅम विरघळते, तर एरिथ्रिटॉल सुमारे ३७ ग्रॅमच. आणि थंडीत त्यातलेही बरेच स्फटिक होऊन खाली बसते. मग पेय दाताखाली वाळू आल्यासारखे कचकचते. याला उपाय म्हणजे ते आधी मिक्सरमध्ये पिठासारखे दळून, कोमट नारळाच्या रसात पुरते विरघळवून, मगच थंड करावे, आणि सारी गोडी त्याच्यावर न टाकता थोडी स्टीव्हियाकडे सोपवावी.

नारळाचीही खोड आहे. गोड क्रीमऐवजी बिनसाखरेचे दाट क्रीम घातले की ते बर्फाच्या संगतीत थिजते. खोबरेल तेल थंडीच्या दिवसांत बाटलीत गोठते ते याच कारणाने. चोवीस अंशांखाली ते घट्ट होऊ लागते. पेल्यात त्याचे मेणासारखे कण तरंगू लागतात. यासाठी डब्यातले क्रीम न घेता नारळाचा पहिला दाट रस घ्यावा, आणि त्यात झँथन डिंकाची अगदी कणभर पूड घालून घुसळावे म्हणजे मिश्रण धरून राहते. अननसाचे पन्नासएक ग्रॅम तुकडे आधी गोठवून घ्यावेत. बर्फ तेवढा कमी लागतो आणि चव पाणचट होत नाही. पन्नास ग्रॅम अननसात कर्बोदके सहा-सात ग्रॅम भरतात, आणि त्याखाली उतरले की राहतो तो बाटलीतला अर्क, फळ नव्हे. लिंबाचे चमचाभर पाणी आणि मिठाची कणी घातली असता कमी गोडीही पुरेशी वाटते. एवढे केले की पेय चांगले होते, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो.

पण ही जी कृती आम्ही सांगितली तीत रमचा उल्लेख वाचकांस कोठे दिसला काय? नाही, कारण पेय घट्ट, गोड, गार आणि चवदार होण्यास तिची गरज लागली नाही. आणि जो ती घालू इच्छितो त्याच्यापुढे नवा मोह उभा राहतो. साखर गेल्यावर मिश्रणाला गोठू न देणारे जे उरते त्यात मद्यार्क प्रमुख असतो. पेय फार कडक झाले की हात बाटलीकडेच वळतो. गारव्याने मद्याची जळजळ झाकते, नारळाच्या स्निग्धतेने ती आणखी झाकते, आणि पिणाऱ्याला आपण किती घेतले याचा अंदाज उरत नाही.

आता हिशेब मांडू. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनने दिलेल्या प्रमाणात पांढरी रम ५० मिलिलिटर, नारळाचे क्रीम ३० मिलिलिटर आणि अननसाचा ताजा रस ५० मिलिलिटर आहे. चाळीस टक्क्यांच्या ५० मिलिलिटर रममध्ये मद्यार्क २० मिलिलिटर, म्हणजे वजनाने १६ ग्रॅमच्या जवळपास. कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅममागे चार उष्मांक मिळतात, मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममागे सात. तेव्हा एकट्या रमचे उष्मांक सुमारे ११० होतात, आणि ज्या अननसाच्या रसावर एवढे आरोप ठेवले जातात त्याच्या ५० मिलिलिटरांचे जेमतेम २६. रममध्ये कर्बोदके किती? शून्य. ‘लो-कार्ब’च्या तराजूत ती वजनच देत नाही. सर्वांत मोठा आरोपी ज्या तराजूत दिसतच नाही, तोच तराजू न्यायालयात आणला गेला आहे.

नारळाची बाजू अशी. बिनसाखरेच्या दाट क्रीममध्ये शंभर ग्रॅममागे स्निग्धांश तीस ग्रॅमांच्या पुढेमागे असतो, आणि त्याचा फार मोठा भाग संपृक्त असतो. असे ६० मिलिलिटर घातले की दोनशेच्या आसपास उष्मांक तेथेच झाले. रमचे ११० आणि अननसाचे पंचवीस मिळून आकडा सव्वातीनशेच्या वर जातो. मूळच्या साखरयुक्त पेयाहून ही बेरीज कमी भरेल, अशी हमी कोणी देऊ नये. वजन उतरवण्यासाठी हे पेय घेणाऱ्याचे वर्णन आमच्या आजीच्या पिढीने करून ठेवले आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी.

वकिलीच्या धंद्यातील आम्हा मंडळींस शब्दांच्या मोजमापाची सवय असते, म्हणून कायदा याविषयी काय म्हणतो तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत ‘लो-कार्ब’ आहाराची लाट आली तेव्हा तेथील मद्य व तंबाखू यांच्या करविषयक केंद्रीय खात्याने २००४ साली एक निर्णय काढला. एका मापात सात ग्रॅमांहून अधिक कर्बोदके नसतील तर मद्याच्या लेबलावर ‘लो कार्बोहायड्रेट’ म्हणता येईल, असे त्यात ठरले. मात्र सोबत उष्मांक, कर्बोदके, प्रथिने व स्निग्धांश यांचे आकडे द्यावे लागतील. निर्णय तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. पण रम, जिन, व्होडका यांत कर्बोदके मुळातच नसतात. त्यांना हा किताब देणे म्हणजे माशाला ‘बुडत नाही’ असे प्रशस्तिपत्र देणे होय.

युरोपने मार्ग निराळा धरला, आणि तो आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. २००६ सालच्या तेथील नियमावलीप्रमाणे १.२ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या पेयावर आरोग्यविषयक कोणताही दावा करता येत नाही. आणि पोषणविषयक दाव्यांपैकी मद्यार्क कमी आहे किंवा उष्मांक कमी केले आहेत, एवढेच म्हणता येते. ‘कर्बोदके कमी’ त्यात बसत नाही. याच नियमावलीखाली जर्मनीतील डॉइचेस वाइनटोर या द्राक्षमद्य सहकारी संस्थेचे प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेले, आणि ६ सप्टेंबर २०१२ रोजी त्याचा निकाल लागला. संस्थेने आपल्या मद्यातील आम्लता सौम्य असल्याचे सांगून ते पोटाला मानवणारे आहे अशा अर्थाचा शब्द बाटलीवर छापला होता. न्यायालयाने तो मना केला. त्यातील तर्क वाचकांनी ध्यानी घ्यावा: विधान स्वतःपुरते खरे मानले तरी ते अपुरे आहे, कारण एक गुण पुढे करताना मद्यपानाचे जे अंगभूत धोके तसेच राहतात त्यांविषयी ते मूक आहे.

हे तत्त्व आम्हांस परके नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या १७ व्या कलमाखालील स्पष्टीकरण असेच सांगते की नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. परंतु बोलणे हे ज्याचे कर्तव्य आहे त्याचे मौन, किंवा जे मौन स्वतःच बोलण्यासमान आहे ते, कपटात मोडू शकते. मधुमेही पाहुण्याच्या हाती पेला देऊन ‘यात साखर नाही’ एवढेच बोलून थांबणारा यजमान कोर्टात उभा राहणार नाही हे आम्ही जाणतो. तो बिचारा प्रेमाने देत असतो. पण ते वाक्य लिहून, छापून, विकणाऱ्यास तेवढी सवलत आम्ही देणार नाही. आपल्याकडे मद्याच्या बाटलीवर मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा छापावा लागतो, आणि २०१८ सालच्या मद्यविषयक अन्नसुरक्षा विनियमांनी बाटलीवर आरोग्याचा दावा करण्यास बंदी घातली आहे. बाटलीला जे बोलण्याची बंदी, ते पेला मिसळणाऱ्याच्या जाहिरातीला मोकळे असावे, हा विनोद आहे.

आणि आता मुख्य गोष्ट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिआब’ पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, आणि सर्व राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात: २६.४ टक्के. चार प्रौढांच्या पंक्तीत एकास मधुमेह. तेव्हा ‘लो-कार्ब’ मद्याची शिफारस आमच्याकडे हवेत विरून जात नाही. ती प्रत्येक पंक्तीत कोणाच्या तरी पानावर पडते.

मधुमेह्यास साखर वाईट म्हणून साखरविरहित मद्य बरे, असा सरळसोट विचार सामान्य माणूस करतो. शरीर तसे करीत नाही. पोट रिकामे असता रक्तातील साखर राखण्याचे काम यकृत करते. साठा संपत आला की ते नवी साखर तयार करते. मद्य पोटात गेले की यकृताला आधी त्याचा निकाल लावावा लागतो, आणि नवी साखर तयार करण्याचे काम मागे पडते. जो माणूस इन्सुलिन घेतो, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी इन्सुलिन वाढवणारी गोळी घेतो, त्याच्या शरीरात साखर खाली ओढणारे औषध तर चालूच असते. वरून जेवण नाही, पेल्यात कर्बोदक नाही, आणि यकृत गुंतलेले. साखर उतरते, आणि पुष्कळदा काही तासांनी उतरते: रात्री, झोपेत. घाम, थरथर, बडबड, अडखळते पाऊल ही तिची लक्षणे. आणि हीच लक्षणे दारू चढलेल्या माणसाची. घरची मंडळी ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ म्हणतात. उतरत असते ती साखर.

म्हणूनच मधुमेहतज्ज्ञ अशा रुग्णांस सांगतात की मद्य घ्यावयाचेच असेल तर रिकाम्या पोटी घेऊ नका, कर्बोदके असलेल्या अन्नाबरोबर घ्या. ‘लो-कार्ब’चा उपदेश नेमका याच्या उलट आहे! डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या अलीकडच्या गोळ्या घेणाऱ्यांस दुसरा धोका आहे. कर्बोदके फार तोडली आणि त्यात मद्य घातले तर रक्तात कीटोन वाढून ते आम्लधर्मी होण्याचा संभव असतो, आणि रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही हे घडू शकते. साखर मोजून निश्चिंत झालेला माणूस फसतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांसही अतिरिक्त मद्यपानाचा इशारा दिलेला असतो. ज्या पेयाच्या विशेषणाला भुलून माणसाने जेवणापूर्वी दोन पेले घ्यावेत, त्या विशेषणात या सगळ्यांपैकी एका अक्षराचाही समावेश नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ‘मग काय साखरेने भरलेला पिन्या कोलादा मधुमेह्यास द्यावा?’ तसे आम्ही म्हटलेले नाही. डब्यातील गोड क्रीमने भरलेला पेला रक्तातील साखर झपाट्याने वर नेतो, यात शंका नाही. साखर कमी करणे हे पाऊल चुकीचे नाही. ते पाऊल टाकले म्हणून मुक्कामास पोचलो असे सांगणे चुकीचे आहे. कोणी असेही म्हणेल की अल्प मद्य हृदयास हितकर, असे पूर्वी वैद्यच सांगत. पूर्वी सांगत, हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्यास निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा सांगता येत नाही. आणि मद्य कर्करोगजनक आहे हे त्याच संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच ठरवलेले आहे. साखरेच्या पर्यायांविषयीही फार उत्साह नको. मे २०२३ मध्ये त्याच संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हिया, सुक्रलोज आदी गोड द्रव्यांवर विसंबू नये अशी शिफारस केली. ती शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांस लागू नव्हती, आणि एरिथ्रिटॉल तिच्या कक्षेत नव्हते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. एरिथ्रिटॉलची रक्तातील वाढलेली पातळी आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा एक अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि तेवढ्यावरून आम्ही त्या द्रव्यास फाशी देणार नाही. पण ‘संपूर्ण निर्धोक’ हा शिक्काही त्यावर मारू नये.

राहिला तिसरा आक्षेप: तुम्ही सोवळेपणाच्या बुद्धीने बोलता. तो आम्हांस मान्य नाही. मोजून रम घालून, ती रम आहे असे जाणून, जेवणाबरोबर एक पेला सावकाश घेणारा माणूस आमच्या लेखी त्या दुसऱ्या माणसाहून प्रामाणिक आहे, जो ‘हे तर पथ्याचे आहे’ म्हणत तिसरा पेला पुढे करतो. पहिल्याला आपण काय करीत आहोत हे ठाऊक असते. दुसऱ्याला ते ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था एका इंग्रजी विशेषणाने करून ठेवली आहे.

तेव्हा पेयगृहांचे चालक, मंडपात खानपान पुरवणारे कंत्राटदार आणि घरचे यजमान यांच्याकडे आमची मागणी साधी आहे. ‘लो-कार्ब’ लिहावयाचे तर त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, पेल्यात रम किती मिलिलिटर आहे ते लिहा. पेय तयार करताना नारळ-अननसाचे घुसळलेले मिश्रण रमविना ठेवा. ज्याला रम हवी त्याच्या पेल्यात ती मापाने शेवटी घाला, म्हणजे ज्याला नको त्याला तेच पेय, त्याच पेल्यात, कोणाचे लक्ष न वेधता मिळेल. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या पाहुण्याने मद्य घ्यायचेच ठरवले असेल तर त्याचे पान आधी वाढा. आणि समारंभानंतर रात्री तो घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला, तर त्याला झोपवू नका. बोटाला टोचून साखर मोजा. शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखरेचे पाणी पाजा, नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक इस्पितळात न्या, आणि मद्य घेतले होते हे डॉक्टरांस न लाजता सांगा.